पंगतीपासून टेबलापर्यंत : मराठी साहित्यव्यवहारातील उपाहारगृह

१

१९६० नंतरच्या मराठी साहित्याचा इतिहास लिहिताना लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो आणि त्याच्या मागोमाग इराणी हॉटेलचाही येतो. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरचे आरसे, एका कपावर काढलेली दुपार आणि त्या दुपारी सुचलेले एखादे अनियतकालिक : हे चित्र आठवणी, मुलाखती आणि गौरवग्रंथ यांतून इतके रूढ झाले आहे की त्याकडे चिकित्सकपणे पाहण्याची गरज समीक्षेला सहसा वाटत नाही. उपाहारगृह ही येथे केवळ पार्श्वभूमी ठरते. मित्र महत्त्वाचे, त्यांचे वाद महत्त्वाचे, त्या वादांतून निपजलेली कविता महत्त्वाची. ज्या टेबलाभोवती हे सारे घडले त्या टेबलालाही एक इतिहास आहे आणि तो साहित्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, याचे भान मात्र क्वचितच राखले जाते.

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची एक बाजू युर्गेन हाबरमास यांनी मांडली आहे. १९६२ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८९ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात इंग्लंडमधील कॉफीगृहे ही आधुनिक लोकमताची जन्मस्थाने ठरतात. तेथे माणसाचा दर्जा नव्हे तर त्याचा युक्तिवाद मोजला जाई, असे ते मानतात. बंगाली ‘अड्ड्या’चा विचार करताना दीपेश चक्रवर्ती यांनी गप्पांच्या या संस्थेतील पुरुषकेंद्रितता आणि तिच्याभोवतीचे स्मरणरंजन या दोहोंकडेही लक्ष वेधले. मुंबईपुरता विचार फ्रँक कॉनलन यांनी १९९५ मधील आपल्या निबंधात केला आणि या शहरात बाहेर जेवण्याची प्रथा दीर्घकाळ चैनीपेक्षा गरजेतून वाढली, हे दाखवून दिले. या तिन्ही मांडण्या उपयुक्त आहेत. परंतु मराठी समाजात ‘मित्रांबरोबर बाहेर खाणे’ या साध्या वाटणाऱ्या कृतीला जो अर्थ आहे तो त्यांत पुरता सामावत नाही. लंडनच्या कॉफीगृहात शिरणाऱ्याला आपला दर्जा क्षणभर विसरायचा होता. येथे प्रश्न दर्जाचा नव्हता, विटाळाचा होता. कोणाच्या हातचे, कोणाच्या शेजारी बसून, कोणत्या भांड्यातून, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय मराठी माणसाला घराबाहेर घोटभर चहाही घेता येत नव्हता.

मराठी उपाहारगृहाने पंगत मोडली. पण ती अर्धीच मोडली. आत टेबल मांडले गेले आणि काहींचा कप बाहेर राहिला. आपल्या नवसाहित्याने मैत्रीची कल्पना आतल्या टेबलावरून घेतली आणि बाहेरच्या कपाची नोंद दुसऱ्या एका साहित्याकडे सोपवली. या दोन साहित्यांचे इतिहास आपण वेगवेगळे लिहितो. ते एकत्र वाचले पाहिजेत, असे येथे म्हणायचे आहे.

२

‘पंगत’ हा शब्द मराठीत एकटा येत नाही. पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच, पंक्तिपावन, एका पंक्तीस बसणे, पंगतीतून उठवणे, रोटीव्यवहार अशी एक शब्दावलीच त्याच्या भोवती उभी आहे. पंगत म्हणजे जेवणाची मांडणी आणि त्याच वेळी समाजाची मांडणी. पंगतीला यजमान असतो, निमंत्रण असते, वाढणारे कोण हे ठरलेले असते आणि कोणाची पंगत आधी, कोणाची नंतर, कोणाची अंगणात, हेही ठरलेले असते. बायकांची पंगत शेवटी. पंगतीत माणसे एकमेकांच्या शेजारी बसतात, समोरासमोर बसलेल्यांच्या मधून वाढपी फिरतो आणि परंपरेचा दंडक जेवताना न बोलण्याचा आहे. पंगत संवादासाठी नसतेच; ती ओळखीसाठी असते. आपण कोण आहोत हे आपल्याला आणि इतरांना पानावर बसल्याबरोबर कळावे, हा तिचा हेतू.

टेबलाची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्याला यजमान नाही. मालक गल्ल्यावर आहे आणि त्याला पैशाशी काम आहे. निमंत्रण नाही, दार उघडे आहे. टेबलाभोवती चौघे समोरासमोर बसतात आणि बोलणे हाच तेथील मुख्य व्यवहार होतो, खाणे दुय्यम. जेवण लांबवणे हा पंगतीत उद्धटपणा ठरेल, टेबलावर तोच मैत्रीचा पुरावा ठरतो. पंगतीकडून टेबलाकडे येणे म्हणजे केवळ पाटावरून खुर्चीवर येणे नव्हे. मनुष्य कोणाबरोबर खातो हे जन्माने ठरण्याऐवजी निवडीने ठरू लागणे असा त्याचा अर्थ आहे. ‘मित्र’ या शब्दाला आधुनिक मराठीत जो भाव आला आहे, नात्यागोत्याबाहेरचा, जातीबाहेरचा, केवळ आवडीनिवडीवर टिकणारा, त्याला अशा एका जागेची आवश्यकता होती.

ही जागा सहज मिळाली नाही. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने परमहंस सभा स्थापन झाली. तिचे सभासद गुप्तपणे एकत्र जमत, प्रार्थना करीत आणि परधर्मीयाने भाजलेला पाव खात. मराठी समाजात मित्रांनी ठरवून, जाणीवपूर्वक जातिबाह्य अन्न खाण्याचा हा आरंभीचा संघटित प्रयोग म्हणता येईल. पण तो गुप्त होता, आणि गुप्तता हीच त्याची मर्यादा ठरली. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटल्याची वार्ता पसरली आणि सभा विरून गेली. सुधारकांना तत्त्व मान्य होते, पाव गोडही लागला असेल. परंतु ज्या जागी तो उघडपणे खाता येईल अशी जागाच समाजात अस्तित्वात नव्हती.

चाळीस वर्षांनंतर पुण्यात ही गोष्ट अधिक नाट्यपूर्ण रीतीने पुन्हा घडली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या व्याख्यानाच्या प्रसंगी जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. काहींनी ती घेतली, काहींनी केवळ कपाला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोन विरुद्ध पक्षांचे नेते एकाच आरोपात सापडले; प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि यथावकाश रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात या प्रसंगाने घरात उत्पन्न झालेल्या ताणाचे वर्णन आहे. तेथे चहा हा विचारांचा विषय राहत नाही. नातलग, मित्र आणि कर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचा तो वैयक्तिक प्रश्न होतो. मराठी गद्यात बाहेरच्या चहाचा एक कप इतक्या गांभीर्याने येतो तो असा.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे : बातमी फुटणे. परमहंस सभा यादीमुळे संपली, पंचहौद प्रकरण यादीमुळे पेटले. उपाहारगृहाने केलेली मोठी क्रांती कोणती असेल तर ती यादी रद्द करण्याची. पैसे देऊन चहा पिणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही.

३

परंतु मराठी माणसाने चालविलेली प्रारंभीची उपाहारगृहे पंगतीचा वारसा सहजासहजी सोडावयास तयार नव्हती. त्यांच्या नावांतून हा संघर्ष वाचता येतो. दादरला मामा काण्यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या उपाहारगृहाच्या नावात ‘स्वच्छ’ हे विशेषण आहे. गिरगावात आणि दादरला ‘आरोग्यभवन’ आले, ‘हेल्थ होम’ आले. पुण्यातील आजची ‘वैशाली’ ही आरंभी ‘मद्रास हेल्थ होम’ होती. ही नावे निव्वळ जाहिरातीची नाहीत. सोवळ्याचा प्रश्न थेट विचारता येणार नाही अशा शहरात तोच प्रश्न आरोग्याच्या भाषेत विचारला जात होता. ‘स्वच्छ’ या शब्दाचे एक टोक साबणाला भिडलेले आहे आणि दुसरे सोवळ्याला. ग्राहकाने आपल्या सोयीने कोणताही अर्थ घ्यावा. पुण्यात राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी उभारलेल्या चहाच्या दुकानांना ‘अमृततुल्य’ हे नाव पडले, त्यातही पावित्र्याची हीच छटा आहे. शुचितेचे स्वास्थ्यात झालेले हे रूपांतर मराठी मध्यमवर्गाच्या आधुनिकतेचे एक मर्मस्थान आहे. विचार बदलण्याआधी शब्द बदलला आणि पुढे शब्दाने विचाराला थोडेफार ओढत नेले.

इराणी हॉटेलचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात चहा आणि बेकरीचा व्यवसाय उभारला. मुंबईत ‘कयानी’ १९०४ पासून आणि ‘ब्रिटानिया’ १९२३ पासून, तर पुण्यात ‘गुडलक’ १९३५ पासून आहे. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानीत म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. हे खरे असो वा नसो, जातिव्यवस्थेत ज्याला जागा नाही अशा माणसाने रस्त्याच्या कोपऱ्यावर उघडलेले दुकान, हे त्या हॉटेलचे सामाजिक वर्णन म्हणून नेमके आहे. मालक पंगतीच्या बाहेरचा. त्यामुळे त्याच्या टेबलावर बसणारा प्रत्येक जण काही काळ पंगतीच्या बाहेरचा होतो. त्याच्या औदार्यापेक्षा त्याची उदासीनता अधिक महत्त्वाची होती. त्याने भिंतीवर लावलेल्या सूचना प्रसिद्ध आहेत. धोबीतलावच्या ‘बस्तानी’मधील सूचनाफलकावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता रचली. या सूचनांत बहुधा वर्तनाचे नियम असत. तेथे प्रश्न तुम्ही कसे वागता हा होता, तुम्ही कोण हा नव्हता.

तथापि उपाहारगृहाचा प्रश्न केवळ व्यापाराच्या उदासीनतेवर सुटणारा नव्हता, हे ओळखणारे लोक होते. कोल्हापुरात राजवाड्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झालेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि ‘सत्यसुधारक’ नावाच्या त्या हॉटेलात ते स्वतः जाऊन चहा घेऊ लागले, आपल्याबरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावयास लावू लागले. छत्रपतीने अस्पृश्याच्या दुकानात विकतचा चहा पिणे, ही त्या काळाच्या दृष्टीने कोणत्याही भाषणापेक्षा स्पष्ट घोषणा होती. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ मध्ये ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ सुरू करविले. त्याच्या नावातच त्याचे धैर्य आणि त्याचे कुंपण ही दोन्ही दिसतात. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सत्यनारायणाच्या द्वारे धार्मिक विधीलाच सहभोजनाचे रूप दिले.

या साऱ्या प्रयत्नांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात एक कठोर प्रश्न ठेवला. सहभोजनाने जात मोडत नाही. ज्यांच्यात रोटीव्यवहार आहे तेथेही जातिभाव शाबूत राहतो. आघात व्हावयास हवा तो विवाहाच्या निर्बंधावर आणि त्यामागील शास्त्रप्रामाण्यावर, हे त्यांचे म्हणणे. टेबलाचे गौरवीकरण करणाऱ्या कोणत्याही विवेचनाला या आक्षेपाला सामोरे जावेच लागते. मात्र ज्या आंबेडकरांनी सहभोजन अपुरे मानले, त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानात अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आला. दोन्ही भूमिकांत विसंगती नाही. प्रेमाने घातलेल्या जेवणावर त्यांचा विश्वास नव्हता. हक्काने मागता येणाऱ्या चहावर होता. निमंत्रण ही कृपा असते आणि कृपा मागे घेता येते.

४

१९६३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. या एका वर्षात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, अशोक शहाणे यांचा समकालीन मराठी साहित्यावर क्ष-किरण टाकणारा लेख आला आणि त्यांचेच ‘असो’ हे अनियतकालिक सुरू झाले. पुढील दोन दशकांच्या मराठी साहित्याचे दोन प्रवाह या वर्षाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दिसतात.

लघुअनियतकालिकांना कचेरी नव्हती, ही गोष्ट त्यांच्या इतिहासात पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. ‘सत्यकथे’ला खटाववाडीतील मौजेची वास्तू होती, संपादकांचे मेज होते, परतीच्या पाकिटांची शिस्त होती. १९६९ साली तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली तीही त्या वास्तूसमोर जाऊन. ज्यांच्याकडे वास्तू नव्हती त्यांना हॉटेलचे टेबल हीच वास्तू होती. तेथे अंक ठरत, वर्गणीचे पैसे जमत, कविता वाचली जाई आणि नाकारलीही जाई. संपादक आणि लेखक यांच्यातील अंतर टेबलाच्या रुंदीइतके उरले. या पिढीच्या भाषेत बोलीचा, शिवीचा, अर्धवट सोडलेल्या वाक्याचा जो शिरकाव झाला त्याची कारणे अनेक आहेत. पण लेखन प्रथम ज्या कानांवर पडत होते ते कान चहाच्या कपापलीकडे समोर बसलेल्या मित्राचे होते, हे त्यांतील एक कारण मानावयास हरकत नसावी. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर वसतिगृहातील मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्याची झळ सोसतो. खानदेशातील घर सुटले आहे, पुण्याच्या घरांत शिरकाव नाही, अशा मुलाचे जग मेस, हॉटेल आणि खोली एवढेच उरते. त्या जगात मैत्री हाच एकमेव नातेसंबंध असतो आणि तोही उधारीने पोखरलेला.

आता याच वर्षीची बागुलांची शीर्षककथा पाहावी. रेल्वेत नोकरीला लागलेला तिचा नायक आपली जात सांगत नाही. सहकाऱ्यांत त्याला मान मिळतो, स्नेह मिळतो, एका मित्राच्या घरचे जेवणही मिळते; आणि जात उघड होताच त्याच हातांकडून मार मिळतो. मैत्री होती, जेवण होते, बोलणे होते. टेबलाने ज्या ज्या गोष्टींचे आश्वासन दिले त्या सगळ्या होत्या. फक्त त्या चोरलेल्या होत्या. ‘चोरली’ या क्रियापदात बागुलांनी साऱ्या प्रश्नाचा गाभा ठेवला आहे. सांगवीकरला आपण कोण हे ठाऊक नाही म्हणून तो व्याकुळ आहे. बागुलांच्या नायकाला ते पक्के ठाऊक आहे आणि ते लपविल्याशिवाय त्याला मित्र मिळत नाही. एकाची आधुनिकता ओळख हरवण्यात आहे, दुसऱ्याची ओळख चोरण्यात. या दोन कृती एकाच वर्षीच्या आहेत, तरी त्यांची चर्चा आपण दोन वेगळ्या दालनांत करतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त, १९८४ मध्ये, प्रश्न अधिक उघडपणे येतो. सोलापूर जिल्ह्यातील गावच्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळे कप आहेत. तेथील चहा पिणाऱ्याने कप स्वतः धुऊन ठेवायचा आहे. लेखक आणि त्याचा मित्र याविरुद्ध पोलिसांत तक्रार करण्यापर्यंत जातात. १९५५ चा अस्पृश्यता-गुन्हा कायदा तोवर जुना झालेला आहे, १९७६ पासून त्याला नागरी हक्क संरक्षणाचे नवे नावही मिळालेले आहे. पण कप आपल्या जागी आहे. येथे दोन मित्र आहेत, चहा आहे आणि हॉटेल आहे. मुंबईच्या टेबलावरील दृश्याचे सर्व घटक जसेच्या तसे आहेत. फक्त टेबल नाही. मैत्री येथे गप्पांत प्रकट होत नाही, तक्रार-अर्जात होते. मराठी साहित्यातील ‘हॉटेलातील मित्र’ या आशयसूत्राची चर्चा करताना ‘अक्करमाशी’तील हे दोन मुलगे त्यात धरले जात नसतील तर आपल्या वर्गीकरणातच पंक्तिप्रपंच आहे, असे म्हणावे लागेल.

५

टेबलाच्या इतिहासातील दुसरी अनुपस्थिती स्त्रियांची आहे. जुन्या हॉटेलांत अर्ध्या दाराचे किंवा पडद्याचे कप्पे असत आणि त्यांवर ‘फॅमिली रूम’ असे लिहिलेले असे. स्त्री ही ‘फॅमिली’ म्हणूनच आत येऊ शकत होती, मैत्रीण म्हणून नव्हे. पंगतीत तिला शेवटची पाळी होती. टेबलाने तिला पडदा दिला. याउलट बाहेरच्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. गिरणगावात घरातच खानावळ चालवून गिरणीकामगारांना जेवण देणाऱ्या बायका कर्जाच्या विळख्यात होत्या. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मुंबईच्या कामगार-कवितेत ‘खानावळवाली’ येते ती सहसा ममतेची किंवा उधारीची मूर्ती म्हणून. तिचे स्वतःचे मित्रमंडळ कोणते, हे ती कविता सांगत नाही.

मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४ मधील आत्मकथन या ठिकाणी अपरिहार्य ठरते. नामदेव ढसाळ आणि त्यांचे सहकारी यांच्या बंडखोर वर्तुळाकडे या पुस्तकात घराच्या आतून पाहिलेले आहे. टेबल जेव्हा घरी येते तेव्हा स्वयंपाक कोणी करायचा, पैसे कोठून आणायचे, रात्री किती वाजेपर्यंत जागायचे, हे प्रश्न बंडखोरीच्या इतिहासात बसत नाहीत. ते आत्मकथनात बसतात. हॉटेलात मालक होता आणि पोऱ्या होता, त्यांना पैसे मिळत. घरी तेच काम करणाऱ्या स्त्रीला ‘मित्रमंडळा’तील स्थानही मिळत नाही. ‘अक्करमाशी’ आणि हे पुस्तक एकाच वर्षी यावे हा योगायोग असेल. परंतु टेबलाच्या दोन बाहेरच्या बाजू एकाच वेळी बोलू लागल्या, एवढे त्यातून निश्चित दिसते.

६

आतापर्यंतचे विवेचन मुंबई-पुण्याभोवती फिरले. हा झुकाव विषयातच आहे, कारण ‘जुने प्रसिद्ध हॉटेल’ ही कल्पनाच या दोन शहरांनी आपल्या आठवणींतून घडवली. परंतु वऱ्हाडच्या बाजूने पाहिले असता चित्र निराळे दिसते. यवतमाळ जिल्हा, जो १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, तेथे आधुनिक बाजारपेठ आली ती कापसाबरोबर. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला येणारा अरुंद मापाचा लोहमार्ग कापूस वाहून नेण्यासाठीच टाकला गेला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. हंगामात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. कापूस-बाजारात शेतकरी, अडत्या, हमाल, मापारी, कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम, महार सगळेच येतात आणि तेथे दिवस काढतात. अशा ठिकाणी चहाचे दुकान ही अभिरुचीची बाब राहत नाही. तो बाजाराचाच एक भाग असतो, आणि बाजारात एकत्र येणाऱ्यांनी कोणत्या अंतरावर बसावे हे गाव ठरवीत असते. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने अनुसूचित जातींवरील नागरी निर्बंध दूर करणारा कायदा १९४७ मध्ये, संविधानापूर्वी, केला, यावरून तो निर्बंध किती ठळक होता याचे अनुमान करता येते.

अशा गावांतील हॉटेलांना आठवणकार लाभले नाहीत. तेथे कवी बसत नव्हते असे नाही. मराठी शायरीला आपला ठसा देणारे भाऊसाहेब पाटणकर यवतमाळचेच. पण त्यांची कविता मैफलीत वाढली, आणि मैफलीला पुन्हा यजमान असतो. जिल्ह्याच्या गावात साहित्यव्यवहाराचे केंद्र हॉटेलचे टेबल नसून घरची बैठक, वाचनालयाचे सभागृह आणि क्वचित येणारे संमेलन हे राहिले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली ब्याण्णवावे संमेलनही तेथेच भरले. संमेलन ही मराठी साहित्याची पंगत आहे : तिला यजमान आहेत, निमंत्रणपत्रिका आहेत, मानाची आणि बिनमानाची आसने आहेत, भोजनमंडपाच्या वेगवेगळ्या रांगा आहेत. २०१९ च्या संमेलनात उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले आणि महाराष्ट्रभर त्याचे पडसाद उमटले. अनेक निमंत्रितांनी न जाण्याचा निर्णय घेतला. शेवटी जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील स्त्रीच्या हस्ते उद्घाटन झाले.

या घटनेची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात तिचा अर्थ वेगळा आहे. पंगतीचे तर्कशास्त्र निमंत्रणाचे असते. आणि जेथे निमंत्रण आहे तेथे ते मागे घेण्याचा अधिकारही आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात एक यादी प्रसिद्ध झाली आणि कोण कोणाबरोबर बसले याचा जाब विचारला गेला. यवतमाळला पुन्हा यादीचाच प्रश्न होता, फक्त नाव घालण्याऐवजी गाळण्याचा. आणि जिला व्यासपीठावर बसविले गेले ती कापसाच्या कर्जातून आलेल्या दुःखाची साक्षीदार होती. ज्या बाजारपेठेने जिल्ह्यात चहाचे दुकान आणले तिनेच तिच्या घरची चूल विझवली होती, ही गोष्ट त्या मंडपात बसलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नव्हती.

७

आज जुन्या उपाहारगृहांकडे वारसा म्हणून पाहिले जाते. अनेक इराणी हॉटेले मिटली. उरलेल्यांत छायाचित्रे काढण्यासाठी माणसे जातात. हे स्मरणरंजन समजण्यासारखे आहे, कारण एका कपावर तासन्‌तास बसू देणारी जागा शहरातून नाहीशी होणे ही साहित्याच्याही दृष्टीने हानी आहे. परंतु स्मरणरंजन आतल्या टेबलाचेच होते. वेगळ्या कपाचे कोणी छायाचित्र काढून ठेवलेले नसते.

अरुण कोलटकर यांचे उदाहरण या संदर्भात मोलाचे वाटते. इराणी हॉटेलवर त्यांनी आरंभीच्या काळात कविता लिहिली, आणि पुढे काळा घोडा भागातील ‘वेसाइड इन’मध्ये दर गुरुवारी दुपारी त्यांचा मित्रांसह बसण्याचा परिपाठ अनेक वर्षे चालला, ते बंद झाल्यावर ही बैठक ‘मिलिटरी कॅफे’त गेली. ‘वेसाइड इन’मध्ये संविधानाच्या काळात आंबेडकर बसत असत अशी आख्यायिकाही आहे. २००४ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी प्रसिद्ध झालेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात त्या खिडकीतून दिसणारा चौक आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या संग्रहात टेबलावरचे मित्र जवळजवळ नाहीत. कवी आत बसलेला आहे आणि पाहतो आहे बाहेर : भटके कुत्रे, कचरा वेचणारी बाई, फुटपाथवरचे संसार. त्यातील सकाळच्या न्याहारीवरील दीर्घ कवितेत इडली घेऊन येणाऱ्या एका बाईभोवती रस्त्यावरची सारी वस्ती गोळा होते आणि खाऊन पांगते. तेथे यजमान नाही, यादी नाही, आसन नाही आणि पडदाही नाही. पंगत आणि टेबल या दोहोंच्या बाहेर पडलेल्यांचे ते सहभोजन आहे.

मराठी आधुनिकतेतील एका ज्येष्ठ कवीने मित्रांच्या टेबलावर बसून उत्तरायुष्यात या न्याहारीकडे पाहिले, यात समीक्षेसाठी एक दिशा आहे. टेबलाचा इतिहास टेबलावरूनच लिहिला की तो मैत्रीचा, बंडाचा आणि चहाचा होतो. खिडकीतून लिहिला तर त्यात गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल, बागुलांच्या नायकाचे चोरलेले जेवण, गावच्या हॉटेलातील वेगळा कप, अर्ध्या दारामागची ‘फॅमिली’ आणि यवतमाळच्या बाजारातील चहा हे सारे येऊ लागते. लघुअनियतकालिकांचा आणि दलित आत्मकथनांचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून सहसा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत होतो. हे दोन्ही प्रवाह एकाच प्रश्नातून निघाले आहेत : मी कोणाबरोबर, कोणत्या कपातून, कोणाला न विचारता खाऊ शकतो? हा प्रश्न मध्यवर्ती मानून १९६० नंतरच्या मराठी साहित्याची फेरमांडणी केल्यास आपल्या अनेक रूढ वर्गवाऱ्या तपासून घ्याव्या लागतील. आणि ते काम आता अधिक लांबणीवर टाकण्यासारखे नाही.